‘सूत्रात स्त्री-पुरुष हा रकानाच नाही’

मी एमडी मेडिसिन, म्हणजे फिजिशियन. सकाळी नाशिकच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ओपीडी आणि संध्याकाळी घरून ऑनलाइन पेशंट, असं माझं काम काही वर्षं चाललं आहे. ज्या ॲपवर मी पेशंट बघते तिथे बाई डॉक्टरची फी, यादीतली जागा आणि महिनाअखेरची रक्कम कशी मागे पडत जाते ते मी आतून पाहिलं. त्यावर लेखी भांडले. काही बदललं, काही अजून तसंच आहे. या कामात नव्याने येणाऱ्या मुली फोन करून विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. ॲपचं नाव घेत नाही. इतर ॲपवर काम करणाऱ्या मैत्रिणींकडून जे ऐकते ते फारसं वेगळं नाही.

ऑनलाइन सल्ल्याला आपल्याकडे स्पष्ट नियम मिळाले ते २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभर लॉकडाऊन सुरू झाला त्याच दिवशी. टेलिमेडिसिनची ती मार्गदर्शक तत्त्वं मी तेव्हा छापून घेतली होती आणि पुढे मला त्यांचा फार उपयोग झाला. डॉक्टरने नोंदणी क्रमांक दाखवायचा, पेशंटची ओळख पटवून घ्यायची, फी प्रत्यक्ष तपासणीसारखीच योग्य ती घ्यायची, आणि सल्ला मध्येच थांबवण्याचा हक्क पेशंटइतकाच डॉक्टरलाही आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

नोंदणी सोपी होती. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा क्रमांक, पदव्यांची प्रमाणपत्रं, फोटो, बँकेचा तपशील. फीच्या रकान्यात आकडा आधीच भरलेला होता: ४०० रुपये. माझा एक बॅचमेटही नाशिकमध्येच प्रॅक्टिस करतो. आम्ही दोघं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे, म्हणजे जे. जे.चे, एमबीबीएस एकत्र, एमडीही तिथेच आणि एकाच वर्षी. तो त्याच सुमारास त्याच ॲपवर आला. त्याच्या रकान्यात ६०० भरलेले होते. पदवी तीच, अनुभव तितकाच, शहर तेच. हे आम्हाला कळलं तेसुद्धा एका लग्नात जेवताना सहज विषय निघाला म्हणून; एरवी डॉक्टर एकमेकांना फी विचारत नाहीत, आणि ॲपवर तर प्रत्येक जण आपापल्या पडद्यापुरता असतो.

मी माझ्या रकान्यात ६०० लिहिले. लगेच खाली पिवळ्या पट्टीत सूचना आली की या फीला बुकिंग कमी मिळण्याची शक्यता आहे. बॅचमेटला अशी पट्टी कधी दिसली नव्हती. सपोर्टला विचारलं, तर उत्तर आलं की हा आकडा ‘तुमच्यासारख्या प्रोफाइलच्या डॉक्टरांच्या सरासरी’वरून सुचवला जातो. माझ्यासारखी प्रोफाइल म्हणजे कोणती, याचं उत्तर मिळालं नाही. पण सरासरीचा हिशोब काय होतो ते कुणालाही कळेल. आधी आलेल्या बायकांनी कमी फी लावली असेल, तर नंतर येणाऱ्या बाईला कमीच सुचवली जाणार, ती तीच ठेवणार, आणि सरासरी तिथेच घट्ट होणार. कुणी मुद्दाम काही करायची गरजच उरत नाही.

दुसरी गोष्ट विभागांची. मी मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड निवडले होते. आठवड्याभरात माझं नाव ‘स्त्री-आरोग्य’ या विभागातही दिसायला लागलं. मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. बॅचमेट ‘हृदय व मधुमेह’ या विभागात गेला, जिथे पेशंट जास्त पैसे द्यायला तयार असतो. माझ्याकडे पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं, पीसीओएस, वजन, केस गळणं असे पेशंट येऊ लागले. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाईला बाई डॉक्टरशी बोलावंसं वाटतं आणि ते तिला मिळालंच पाहिजे. पण असे सल्ले दहा मिनिटांच्या स्लॉटमध्ये होत नाहीत, आणि ॲप मोजतं ती मिनिटं.

एक उदाहरण देते, ओळख कळू नये इतके तपशील बदलून. जालना जिल्ह्यातलं गाव, पंचेचाळिशीची बाई, साखर २८० च्या वर. व्हिडिओवर समोर नवरा. गोळ्यांची नावं तोच सांगतोय, रिपोर्ट तोच दाखवतोय, बाई कडेला पदर सावरून बसलेली. मी म्हटलं, ताईंशी बोलू द्या. तिने मान हलवून ‘हो, घेते गोळ्या’ एवढंच सांगितलं. मग मी नवऱ्याला म्हटलं, भाऊ, मागच्या महिन्याची रिपोर्टची फाईल आणता का? तो उठून आत गेला तशी ती मोबाइलच्या जवळ सरकली आणि भराभर बोलायला लागली. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी असे उपास, त्या दिवशी ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर कमी करणारी गोळी, घेतली की चक्कर आणि घाम. म्हणून तिने गोळी महिनाभर बंदच केलेली. शिवाय खाज आणि जळजळ, ती कुणाला सांगायची सोय नाही. साखर वाढली की बुरशीचा संसर्ग होतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिला वाटत होतं तिच्याच अंगात काही वाईट आहे. तिच्याशी बोलायला, गोळी बदलायला, उपासाच्या दिवशी काय करायचं ते तिच्याकडून परत म्हणवून घ्यायला पंचवीस मिनिटं लागली. हा सल्ला मी चांगला दिला, असं मी आजही म्हणेन. त्या दिवशी ॲपवर मला लाल खूण पडली: सल्ला निर्धारित वेळेपेक्षा लांबला, पुढचे दोन पेशंट ताटकळले.

पुढे वाचताना मला कळलं की हे फक्त माझं नाही. अमेरिकेत २०१७ मधल्या सुमारे २ कोटी ४४ लाख भेटींचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०२० साली आला. प्राथमिक उपचार करणाऱ्या स्त्री डॉक्टर प्रत्येक पेशंटला पुरुष डॉक्टरांपेक्षा १५.७ टक्के जास्त वेळ देत होत्या, म्हणजे साधारण अडीच मिनिटं. आणि त्यांच्या भेटींतून येणारं वार्षिक उत्पन्न त्याच दवाखान्यातल्या पुरुषांपेक्षा १०.९ टक्के कमी होतं. वेळ जास्त, पैसा कमी, कारण पैसा भेटीच्या संख्येवर मिळतो. जास्त वेळ देऊन पेशंटचं भलं होतं का, असं कुणी विचारलं तर त्याच देशातला आणखी एक अभ्यास आहे. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये २०१७ साली आलेला, हॉस्पिटलात भरती झालेल्या ६५ वर्षांवरच्या पेशंटचा. स्त्री फिजिशियनच्या पेशंटमध्ये ३० दिवसांतले मृत्यू ११.०७ टक्के, पुरुष फिजिशियनच्या पेशंटमध्ये ११.४९ टक्के. फरक लहान दिसतो, पण लाखो पेशंटवर पसरला की त्यात हजारो माणसं असतात. पुरुष डॉक्टर वाईट, असं मला यातून मुळीच म्हणायचं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की वेळ देणं हा दोष धरून जो गुण कापतो, त्याने आधी हे आकडे पाहावेत.

वेळ मिनिटांत मोजतात, पण चॅट मोजतच नाहीत. सल्ल्यानंतर सात दिवस पेशंटला मोफत मेसेज करता यायचे. माझी खिडकी रात्री अकरालाही वाजत असते: आईने गोळी दोनदा घेतली, आता काय करू, रिपोर्ट आला, बघता का, सासूबाईंनाही तेच दुखतंय, त्यांनाही सांगता का. बॅचमेटला मेसेज येतात, पण बरेच कमी, आणि तो दुसऱ्या दिवशी उत्तर देतो तेव्हा पेशंट धन्यवाद म्हणतात. मी सकाळी उत्तर दिलं तर रिव्ह्यू येतो, ‘मॅडम लक्ष देत नाहीत.’ आमचे दोघांचे रिव्ह्यू शेजारी ठेवून वाचले तेव्हा आम्ही दोघंही गप्प झालो होतो. त्याच्याकडे ‘निदान अचूक’, ‘अनुभवी’, ‘एका गोळीत फरक’. माझ्याकडे ‘प्रेमळ’, ‘शांतपणे ऐकून घेतात’, ‘घरच्यासारखं वाटलं’. चार तारे दोघांनाही. पण छातीत धडधडतंय म्हणून कुणी यादी चाळत असेल, तर तो कुणाचं नाव दाबेल?

आता रात्रीचं. ॲप रात्री दहा ते एकच्या स्लॉटला वाढीव रक्कम देतं आणि यादीतही वर आणतं. मी ते स्लॉट घेतले. एका रात्री कॉल लागला आणि समोरच्या माणसाने कॅमेरा खाली वळवला. जास्त लिहीत नाही. मी कॉल बंद केला. तो सल्ला ‘डॉक्टरने अपूर्ण सोडला’ असा नोंदला गेला, त्या माणसाला पैसे परत गेले आणि त्याने मला एक तारा दिला. सकाळी माझं नाव यादीत खाली गेलेलं होतं. इतर स्त्री डॉक्टरांना विचारलं तेव्हा बहुतेकींनी असा एक तरी कॉल सांगितला, आणि सगळ्यांनी एकच उपाय केलेला होता: रात्रीचे स्लॉट सोडून देणं. म्हणजे वाढीव रक्कमही गेली आणि वरची जागाही. जे स्लॉट उरले ते पुरुष डॉक्टरांकडे गेले, यात त्यांची काही चूक नाही.

मी तक्रार केली. सपोर्टचं पहिलं उत्तर साचेबंद होतं: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी लिहिलं की मला गैरसोय झालेली नाही, माझा लैंगिक छळ झाला आहे, आणि अशा तक्रारी ऐकणाऱ्या तुमच्या अंतर्गत समितीचा पत्ता हवा आहे. त्यावर आलं की आपण कंपनीच्या कर्मचारी नसून स्वतंत्र सल्लागार आहात, त्यामुळे समितीचा प्रश्न येत नाही.

इथे नव्या मुलींनी नीट लक्ष द्यावं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पीडित स्त्रीची व्याख्या करताना ती ‘नोकरीत असो वा नसो’ असं स्पष्ट म्हणतो. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये मालकाची कर्तव्यं आहेत. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षितता देणं हे त्यातलं पहिलं. छळ करणारा कर्मचारी नसेल आणि तिची इच्छा असेल, तर फौजदारी कारवाई सुरू करायला लावणं हेही त्यातच येतं. समितीकडे तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. मी दोन्ही कलमं उतरवून पाठवली. सोबत टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांमधला तो मुद्दा जोडला: सल्ला थांबवण्याचा हक्क मला आहे, आणि मी तो वापरल्यावर तुम्ही मला दंड लावता आहात.

या पत्रानंतर भाषा बदलली. समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून एक वकील होत्या, त्यांचा स्वतः फोन आला. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं, आणि कॉलची वेळ, क्रमांक, माझी नोंद हे सगळं मागितलं. ॲपवर पेशंटचा मोबाइल ओटीपीने पडताळलेला असतो, त्यामुळे माणूस अनोळखी नव्हता. त्याचं खातं बंद झालं, तो एक तारा निघाला, ‘अपूर्ण’चा शिक्काही निघाला. पोलिसांकडे मी स्वतः गेले. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ (लैंगिक छळ) आणि ७९ (स्त्रीच्या शालीनतेचा अपमान) तिथल्या महिला अधिकाऱ्यांनीच मला सांगितलं. माझा भाऊ सोबत होता. ‘घरी बसून करताय तर बंदच करा ना ते काम’ असं तिथे मला कुणी म्हणालं नाही, हे मुद्दाम नोंदवते, कारण घरात मात्र ते दोन-तीन जणांनी म्हटलं. तक्रार दाखल आहे, पुढचं काम चालू आहे.

या निमित्ताने ज्या डॉक्टर मैत्रिणींशी बोलणं झालं त्यांचा एक गट तयार झाला. त्वचारोग, बालरोग, मानसोपचार, फिजिशियन, अशा सगळ्या. आम्ही एकच तक्ता केला: फी, सुचवलेली फी, सरासरी मिनिटं, मोफत चॅट, रात्रीचे स्लॉट, विभाग, यादीतली जागा. तीन-चार पुरुष सहकाऱ्यांनी आपले आकडे दिले; बॅचमेटने सगळ्यात आधी दिले, आणि पत्रावर सहीही केली. मग आम्ही मागितलं की यादी कशी लागते ते सांगा. सूत्र गोपनीय आहे म्हणाले. मी विचारलं, सूत्र नको, घटक तरी सांगा. बऱ्याच टोलवाटोलवीनंतर एका व्हिडिओ बैठकीत घटक सांगितले: उपलब्धता, स्वीकारलेले कॉल, वेळेत संपलेले सल्ले, तारे, पुन्हा आलेले पेशंट. सांगणारे गृहस्थ सभ्य होते, मनापासून बोलत होते. ते म्हणाले, ‘मॅडम, आमच्या सूत्रात स्त्री-पुरुष हा रकानाच नाही. भेदभाव होईलच कसा?’

मी त्यांना ईडिथ पीची यांची गोष्ट सांगितली. मुंबईतलं आमचं कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या त्या प्रमुख डॉक्टर. जे. जे.ला शिकताना कामाशी आमचा संबंध यायचा, म्हणून नाव ठाऊक होतं. मुंबईला १८८३ मध्ये येण्याच्या बऱ्याच आधी, १८७० साली, एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी होप शिष्यवृत्तीला पात्र ठरतील इतके गुण मिळवले. शिष्यवृत्ती गेली त्यांच्यापेक्षा खाली असलेल्या पुरुष विद्यार्थ्याला. कारण असं दिलं गेलं की बायकांचा वर्ग वेगळ्या वेळी भरतो, त्यामुळे त्या या वर्गात मोडत नाहीत. तिथेही ‘बाई आहेस म्हणून’ असं कुणी म्हणालं नव्हतं. वर्ग वेगळा लावला आणि मग वर्ग वेगळा आहे म्हणून गुण धरले नाहीत. तुम्ही मला न विचारता स्त्री-आरोग्यात टाकलंत, तिथले सल्ले लांबतात, आणि लांबतात म्हणून मला खाली नेलंत. रात्री सुरक्षितता नाही म्हणून मी स्लॉट सोडले आणि उपलब्धता कमी म्हणून पुन्हा खाली नेलंत. रकाना नाही हे खरं आहे, पण तुमच्या प्रत्येक घटकामागे तोच उभा आहे.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आम्ही आमच्याकडचे आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे काढून कधी पाहिलेच नाहीत.

त्यानंतर जे बदललं ते असं. कॉलवर ‘गैरवर्तन, कॉल बंद’ असं बटण आलं. ते दाबलं की सल्ला अपूर्ण धरत नाहीत आणि तारेही देता येत नाहीत. जुनाट आजारांच्या सल्ल्यांसाठी स्लॉट वीस मिनिटांचा झाला. विभाग आता डॉक्टरला विचारल्याशिवाय जोडत नाहीत. मी स्त्री-आरोग्यातून नाव काढलं. मला जमलं, पण एका मैत्रिणीने विचारपूर्वक ठेवलं. तिच्याकडे येणाऱ्या बायकांना दुसरं कुणी नाही, असं ती म्हणते आणि ते खरं आहे.

फीचा सुचवलेला आकडा मात्र अजून तसाच भरलेला येतो. इथे कायद्याचा आधार मिळत नाही. समान वेतनाचा १९७६ चा कायदा असो की त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता, दोन्हींची भाषा मालक आणि कर्मचारी यांची आहे, आणि आम्ही ‘स्वतंत्र सल्लागार’. फी आम्हीच लावतो, असं दाखवता येतं. मोफत चॅट सातवरून तीन दिवसांवर आलं, पण पैसे नाहीत. रात्रीची वाढीव रक्कम तशीच आहे. ती बंद करा असं आमचं म्हणणंही नाही, रात्री पेशंटला डॉक्टर लागतो. आम्ही मागितलं आहे की त्या स्लॉटमध्ये पेशंटची ओळख सरकारी ओळखपत्राने पटवून घ्या. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ओळख पटवायला सांगितलेलीच आहे.

मी फी ६०० केली. सुरुवातीला बुकिंग घटलं, मग फॉलोअपचे पेशंट परत आले. जालन्याच्या त्या ताईही त्यात आहेत आणि त्यांची साखर आता आटोक्यात आहे. जी कुणी नव्याने नोंदणी करेल तिने फीचा रकाना आधी रिकामा करावा, आपल्याच शहरातल्या, आपल्याच पदवीच्या दोन पुरुष डॉक्टरांना त्यांची फी विचारावी आणि मग आकडा लिहावा. पिवळी पट्टी येईल, ती बाजूला सारावी. समितीचा ईमेल पहिल्याच दिवशी लेखी मागून ठेवावा. प्रत्येक सल्ल्याची आपली वेगळी नोंद ठेवावी.

स्त्री-पुरुष असे वेगळे काढलेले आकडे दर तीन महिन्यांनी सगळ्या डॉक्टरांना दाखवावेत, ही आमची शेवटची मागणी कंपनीकडे पडून आहे. स्मरणपत्र परवाच पाठवलं. त्यावर या वेळी पुरुष डॉक्टरांच्या सह्या आधीपेक्षा जास्त आहेत.